इंदूचा हात

आत्याच्या घरी मी पोचले तेव्हा माझे केस कानाच्या वर कापलेले होते, तेही एका बाजूला कमी आणि एका बाजूला जास्त. कापणारी मीच. शेजारच्या शिंपिणीची कात्री मागून आणली होती, घरात आरसा नव्हता, हाताला लागतील तसे कापत गेले. बाप पिऊन आला की माझे केस मुठीत धरून ओढायचा, तेव्हा धरायला काही शिल्लकच ठेवायचं नाही एवढं माझ्या डोक्यात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला तशी पाहिली. बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि रडला. त्याच आठवड्यात त्याने मला कर्जतहून कडावच्या एस.टी.त बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "हिला कडावलाच उतरवा. पुढं जायाचं म्हनाली तरी ऐकू नका."

असं सांगायची वेळ त्याच्यावर मीच आणली होती. वय चौदा. मी अकरा वर्षांची असताना आई घर सोडून गेली, एका ट्रक ड्रायव्हरबरोबर, आणि खालापूरच्या बाजूला हमरस्त्यावर कुंभिवलीत चहाचं दुकान टाकून राहिली, हे कर्जतच्या आमच्या अख्ख्या चाळीला माहीत होतं. बाप रेल्वेच्या गँगमध्ये कामाला. दिवसभर तो रुळांवर आणि मी मोकाट. यार्डातला कोळसा चोरणाऱ्या पोरींच्यात मी होते. एकीचा कान मी चावून रक्त काढलं होतं. शाळेत एका मुलाच्या कपाळावर पाटी फोडली तेव्हा माझं नाव पटावरून गेलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला आनंदच झाला. आता चौदा वर्षांच्या त्या मुलीकडे मागे वळून बघते तेव्हा तिची कीव येत नाही, थोडी भीतीच वाटते. पुढची सगळी वर्षं मी सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढली. दात आवळून बसलेल्या, कुणी हात लावला की अंग चोरणाऱ्या अशा कितीतरी मुली माझ्यासमोर आल्या. त्यांना मी उपदेश कधी केला नाही. आधी काहीतरी खायला घालायचे. हे मी आत्याकडून शिकले.

आत्याचं घर कडावपासून थोडं आत, शेतांतून जाणाऱ्या वाटेवर होतं. आमची वाडी बौद्धांची, पंधराएक घरांची, आणि ओढ्याच्या पलीकडे शेतकऱ्यांचं गाव. मधे लाकडी ओंडके टाकून केलेला साकव. आमच्या लोकांनी धम्म घेतल्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि तेवढ्यात वाडीने गावाची जुनी कामं एकदम टाकून दिली होती. मेलेली गुरं ओढायची नाहीत, कुणाच्या दारात जाऊन शेणगोठा करून शिळेपाके तुकडे घ्यायचे नाहीत. आत्याचे यजमान, त्यांना मी मामा म्हणायचे, मुंबईत जाऊन छत्र्या दुरुस्त करायला शिकून आले होते. त्यांची दोन भाताची खाचरं होती, पण पावसाळ्यात त्यांचं खरं काम पडवीत चाले. मांडीवर छत्री, तोंडात दोऱ्याचं टोक, बाजूला तारांचा ढीग. तार बसवून झाली की छत्री उघडून बघायचे, फट्, आणि पुन्हा मिटायचे. दिवसभर पडवीतून ते फट् फट् ऐकू यायचं. पहिले काही दिवस प्रत्येक आवाजाला मी दचकायचे. मग एक दिवस लक्षात आलं की मामांच्या घरात मोठा आवाज कशाचा असेल तर तो एवढाच.

खाण्यापिण्याचं काही विशेष नव्हतं, आणि तरी त्या घरच्यासारखं मी पुढे कुठेच जेवले नाही. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, टाकळ्याची नाहीतर भारंगीची भाजी. पाऊस लागला की मामा खाचराच्या बांधातून खेकडे धरून आणायचे, आणि आत्या त्यांच्या नांग्या पाट्यावर वाटून, त्याचं पाणी गाळून असा रस्सा करायची की वाटीच्या तळाला बोट फिरवून चाटावं. संध्याकाळी दिवा लागला की तिघं बसून वंदना म्हणायचो. मला शब्द येत नसत, मी नुसते ओठ हलवायचे. आत्याने आल्या दिवशी केसांबद्दल काही विचारलं नाही. ताट पुढे केलं आणि म्हणाली, "जेव आदी." मी अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी ओढणीत लपवून अंथरुणाखाली ठेवली. कर्जतला तशी सवय होती, उद्याचं काही सांगता येत नसे. आत्याने ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तिनेच एक भाकरी फडक्यात बांधून माझ्या उशाशी ठेवायला सुरुवात केली. "अंथरुनाखाली मुंग्या लागतात गं," एवढंच म्हणाली. महिनाभराने ती भाकरी सकाळी तशीच राहायला लागली. मग तिने ती ठेवायचं बंद केलं.

पण म्हणून मी सुधारले होते असं नाही. शाळेत आत्याने मला परत घातलं, सातवीत, माझ्यापेक्षा लहान मुलांच्यात. तिथे इंदू होती. साकव ओलांडला की पहिलंच घर तिचं, बाप गणपत चांगला शेतकरी, घरात आई, आजी, दोन लहान भाऊ. इंदू वर्गात पहिली यायची. तिच्या लांब दोन वेण्या पाठीवर हलायच्या आणि त्या बघितल्या की माझं डोकं फिरायचं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आषाढ लागला होता, शाळा सुटून आम्ही सगळ्या साकवावर आलो. ओढ्याला गुडघाभर गढूळ पाणी. इंदू मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शके, तुजी आई डायवरासंगं पळाली, खरं का गं?"

पोरी हसल्या. दोन पावलं पुढे गेले आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं. पाण्यात पडली असती तर भिजण्यावर भागलं असतं. ती कडेच्या दगडावर पडली, उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. पुढे दवाखान्यात मी मोडलेली हाडं खूप पाहिली, पण तो आवाज पुन्हा तसा ऐकला नाही. पोरी किंचाळत गावाकडे पळाल्या. मी पळाले नाही. मी साकवावर उभीच राहिले.

गणपत संध्याकाळी आला, बरोबर गावातले दोघे. आत्या दारात, मामा पडवीत छत्री मांडीवर घेऊन, मी दाराच्या आड.

"लावनी तोंडावर आली," गणपत म्हणाला. "माज्या घरात कामाचे हात किती ते तुला ठाव हाय. त्यातला एक तुज्या पोरीनं मोडून ठेवला. कोपरात मोडलाय. हाडवैद्यानं कामट्या बांधल्यात, दीड महिना हलवायचा नाय म्हनतो."

आत्याने मला हाताला धरून पुढे घेतलं. "ढकललंस?"

"ढकललं."

"का?"

गणपतने मान खाली घातली. त्याला पोरींनी सांगितलं असणार.

"बरं," आत्या म्हणाली. "हात बरा व्हईस्तवर शकू तुमच्याकडं यील. तुमची इंदू जे करत व्हती ते समदं ती करील."

"गोठा? लावनी?"

"समदं."

"मग झालं," गणपत जायला वळला.

"पानी बी इंदूच भरायची ना?" आत्याने मागून विचारलं.

तिघेही थांबले. गावची विहीर ओढ्याच्या पलीकडे, आणि आमच्या वाडीतलं कुणी त्या विहिरीवर जात नसे. कायद्याने बंदी नव्हती, कुणी जात नसे एवढंच.

"पान्याचं आमी बघू," गणपत म्हणाला.

"बघायचं नाय, गनपतभाऊ. निस्तं शेन काढायला आमी आता कुनाच्या दारात जात नाय. हात मोडलाय, तर हाताचं समदं काम ती करील. पानी भरील, भाकरी थापायला सांगितलीत तर थापील. अर्धं काम नाय करनार. ते पटत नसंल तर दुसरं काय ते सांगा, आमी करू."

गणपत निघून गेला. मी आत्याला इतकं सरळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मामांनी हातातली छत्री बाजूला ठेवली. "त्यांच्या गोठ्यात धाडतेस पोरीला?" ते म्हणाले. "ती कामं टाकली त्याला किती दिस झाले? वाडी काय म्हनंल?"

"त्या कामांत आपला काय गुना नव्हता, तरी करावी लागायची," आत्या म्हणाली. "हितं पोरीनं हात मोडलाय. ते भरून द्यायचं नाय का?"

मामांनी छत्री पुन्हा मांडीवर घेतली. सकाळी इंदूची आई साकवाच्या त्या टोकाला येऊन उभी राहिली. वाडीत आली नाही, तिथूनच हाक मारली. "अगं, धाड तिला. पानी बी भरू दे. माज्यानं एकटीनं व्हत नाय."

पहिल्या दिवशी विहिरीवर इंदूची आई माझ्या पुढे चालली. तिच्या डोक्यावर एक हंडा, माझ्या कमरेला एक. विहिरीवर चार-पाच बाया होत्या. एकीने आपली कळशी उचलून लांब ठेवली. दुसरी म्हणाली, "ही काय गं नवीन तऱ्हा?"

"नवीन काय? माज्या घरचं पानी हाय," इंदूची आई म्हणाली. "मला चूल पेटवायची हाय. कुनाला काय म्हनायचं असंल ते मला म्हना, पोरीला नाय." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोड बादली. बघत काय ऱ्हायलीस?"

पावसाळ्याची विहीर, पाणी हाताशी आलेलं, तरी पहिल्यांदा बादली आपटून अर्धी रिकामीच वर आली. डोक्यावर हंडा घेऊन चालायची सवय नव्हती, घरी पोचेपर्यंत मी निम्मी भिजले. इंदूच्या आईने हंड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "उद्या कमी सांडव." ती बाई कुणाला सुधारायला निघाली नव्हती. तिच्या घरात दोन पोरं उपाशी होती, नवरा आवण, म्हणजे लावणीची भातरोपं, काढायला गेला होता आणि तिला पाणी हवं होतं. एवढ्याने माणसाचं किती काम होऊन जातं याचं मला अजून नवल वाटतं.

आजीचं मात्र वेगळं होतं. तिने पहिल्याच दिवशी आपली पितळी कळशी बाजूला काढली, कोनाड्याखाली ठेवली, आणि स्वतःचं पाणी स्वतः आणायला लागली. कमरेत वाकलेली म्हातारी, भर पावसात इरलं घेऊन, एका हातात काठी, एका कमरेला कळशी. सुनेने सांगून बघितलं, मुलाने सांगून बघितलं. ती ऐकेना. माझ्याशी ती कधी बोललीच नाही. मी गोठा झाडत असले की दुसरीकडे बघत जायची. मनातून मला वाटायचं, पडावी एकदा घसरून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटायचं.

शाळेआधी गोठा आणि पाणी, शाळेनंतर पुन्हा पाणी आणि लाकूडफाटा. लावणी सुरू झाली तसं शाळेचं नावच राहिलं नाही. दिवसभर चिखलात वाकून आवणाच्या मुठी सोडायच्या आणि लावत मागे मागे जायचं. कमरेचा काटा ढिला व्हायचा. पण दुपारी बांधावर जेवण यायचं, सगळ्यांबरोबर मलाही, केळीच्या पानावर, आणि भुकेला चटणीभाकरीसुद्धा कशी लागते ते मला तिथे कळलं. रोज इतकी दमायचे की रागवायला अंगात जोर राहत नसे.

इंदू ओट्यावर बसून असायची, हात कामट्यांत बांधून गळ्यात अडकवलेला. पहिला आठवडा आम्ही एकमेकींकडे बघितलंही नाही. एका सकाळी तिची आई शेतावर गेली होती आणि इंदू डाव्या हाताने फणी घेऊन केसांशी झटापट करत होती. जटा झाल्या होत्या. मी पाणी ओतून बाहेर आले, थोडा वेळ बघितलं, मग तिच्या हातातून फणी काढून घेतली.

"तुला येतं?" तिने विचारलं.

"आईच्या घालायचे."

मी तिच्या मागे बसले. गुंता सोडवायला अर्धा तास गेला. ती हूं की चूं करत नव्हती. एक वेणी झाल्यावर, माझ्याकडे पाठ असतानाच, म्हणाली, "तुज्या आईचं बोलले ते आजी बोलायची. मी तेच बोलले."

"तू बोललीस ते आजीचं असंल," मी म्हणाले. "मी ढकललं ते माजं मीच ढकललं."

यावर ती हसली. का हसली कुणास ठाऊक, पण मग मीही हसले. तेव्हापासून रोज सकाळी तिच्या वेण्या माझ्याकडे. वेण्या घालताना ती मला पाढे म्हणायला लावायची, अपूर्णांक समजावायची. कर्जतच्या शाळेत मला ढ म्हटलं नाही असा एकही गुरुजी नव्हता. इंदू म्हणाली, "तू ढ नाय, तू ऐकतच नाय." माझ्या सगळ्या शिक्षणात याहून कामाची गोष्ट मला कुणी सांगितली नाही.

आणि मग तो दिवस आला. इंदूची एक वेणी झाली होती, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे होते. मी मघाशीच भरून आणलेले दोन हंडे स्वयंपाकघरात ठेवले होते. जागा कमी, त्यातला एक हंडा कोनाड्याखालच्या आजीच्या कळशीला टेकला असावा. मला कळलंही नव्हतं. आजी आत गेली, आणि मग मागच्या दारातून पाणी पडल्याचा आवाज आला. उठून बघते तर तिने आपली कळशी तर रिकामी केलीच होती, वर माझे दोन्ही हंडे एकेक करून अंगणात उपडे केले होते. पाणी चिखलात पसरत होतं. ते मी पहाटेपासून डोक्यावरून आणलेलं पाणी होतं.

दारामागे मुसळ उभं होतं. ते माझ्या हातात कधी आलं ते मला आठवत नाही. आजी माझ्यासमोर होती, चार हातांवर, वाकलेली, तिच्या डोक्यावरचा पदर घसरला होता आणि आतले पांढरे विरळ केस दिसत होते. ती मागे सरली नाही. बघत राहिली. मी मुसळ वर उचललं होतं. मागून इंदू ओरडली नाही, नुसती म्हणाली, "शकू." हळू आवाजात. पहिल्यांदा तिने मला शके न म्हणता शकू म्हटलं असेल.

मी मुसळ खाली टाकलं आणि तशीच बाहेर पडले. साकवाकडे गेले नाही. शेतांतून सरळ कडावच्या रस्त्याला लागले. आत्याचं घर नको, ही वाडी नको, गाव नको. कुंभिवलीला जायचं, आईकडे, असं मी ठरवून टाकलं होतं. रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली एस.टी.ची वाट बघत बसले. पावसाची भुरभुर चालू होती. एक गाडी आली, थांबली, कंडक्टरने दार उघडून माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. तो काहीतरी पुटपुटला आणि गाडी गेली.

का उठले नाही याचा मी खूप विचार केला आहे. आई मला ठेवून घेईल की नाही ही भीती होती, ते खरं. पुढे नोकरी लागल्यावर मी कुंभिवलीला गेले तेव्हा आईने मला ओळखलं नाही, गिऱ्हाईक समजून चहा पुढे ठेवला. ओळखल्यावर ती रडली नाही, काही कारण सांगत बसली नाही. डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि कानाच्या वर रुपयाएवढी जागा दाखवली, जिथे केस पुन्हा कधी उगवले नव्हते. माझं आईवरचं सगळं भांडण तिथे मिटलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आंब्याखाली मला हे काही माहीत नव्हतं. मला फक्त माझा वर गेलेला हात दिसत होता. बापाचा जायचा तसाच गेला होता, तसाच वर, आणि समोर तशीच एक दुबळी बाई. तो हात मी खाली आणला होता. मी तो खाली आणू शकते, ही माझ्यासाठी बातमी होती. भिजत बसल्या बसल्या मी ती पुन्हा पुन्हा उलटून पालटून बघत होते. दुसरी गोष्ट जास्त साधी होती. इंदूची एक वेणी राहिली होती.

परत पोचले तेव्हा दुपार कलली होती. इंदू ओट्यावर त्याच जागी बसलेली, एका बाजूला वेणी, एका बाजूला केस सुटे. आई शेतावरून येऊन गेली होती, तिने फणी हातात घेतली होती, पण इंदूने घालू दिली नाही, असं तिच्या धाकट्या भावाने मला अंगणातच सांगितलं.

"आता ये लवकर," इंदू म्हणाली. "मान अवघडली माजी."

मी वेणी घातली. मग हंडे उचलले आणि पाणी भरायला गेले. आजी आत होती. त्या दिवसानंतर तिने माझं पाणी कधी सांडलं नाही, आणि प्यालीही नाही. शेवटपर्यंत नाही. ती आजारी पडली तेव्हा मी नर्सिंगचं शिक्षण संपवून सुट्टीवर आले होते, इंदूच्या आईने मला बोलावलं, मी तिची नाडी बघितली, ताप उतरायचं औषध दिलं. ते औषध तिने सुनेच्या हातचं पाणी घेऊन घेतलं. लोकांना वाटतं, अशा गोष्टींत शेवटी माणूस बदलतं. ती नाही बदलली. तिच्यावर मी रागावून राहिले नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

कामट्या सुटल्या तेव्हा हात बरा झाला होता, पण सरळ झाला नव्हता. कोपरात थोडा वाकडाच राहिला. इंदू तो पुढे करून, वळवून बघत होती, आणि तिच्या आईने कोपर बोटांनी चाचपून पाहिलं. मुलीच्या लग्नाचं तिच्या मनात आलं असणार. मला वाटलं आता ती मला बोलेल आणि मी ऐकून घेतलं असतं. ती म्हणाली, "दुखतो का?" इंदू म्हणाली, "नाय." "मग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, आणि मला, "झालं तुजं काम. जा आता." मी साकव ओलांडून घरी आले. मामांनी पडवीतून विचारलं, "सुटलीस?" मी हो म्हणाले, आणि आत जाऊन आत्याच्या शेजारी बसून उगाच तांदूळ निवडायला लागले. मला फार रिकामं वाटत होतं.

दिवाळीच्या तोंडावर भात पिवळं झालं. एका सकाळी अंगणात हाक आली. बघते तर इंदूची आई. साकवाच्या टोकाला नाही, आमच्या वाडीत, आमच्या अंगणात. आत्याने पाट दिला, ती बसली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पावसाचं, उंदरांचं. मग ती म्हणाली, "कापनी काढायची हाय. तुजी पोर कामाला चांगली हाय. धाड आठ दिस. मजुरी दीन."

मला आनंद झाला, तो चेहऱ्यावर दिसलाही असेल. आत्या मात्र म्हणाली, "मजुरीवर नाय धाडत."

"मग?"

"सावड करा." आमच्याकडे शेतकरी एकमेकांच्या शेतावर जाऊन काम करतात, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, त्याला सावड म्हणतात. ती बरोबरीच्यांत होते. गावाने आमच्या वाडीशी ती कधी केली नव्हती. आत्या पुढे म्हणाली, "आमी तिघं तुमच्याकडं येतो. मंग तुमी आमच्या दोन खाचरांत या. जेवान आमचं."

इंदूच्या आईने उंबऱ्याकडे, छत्र्यांकडे, माझ्याकडे पाहिलं. "घरात इचारते," म्हणाली आणि उठून गेली. दोन दिवस काही कळलं नाही. मामा म्हणाले, "आगाऊपणा केलास." ते दोन्ही दिवस आत्याला जेवण गेलं नाही हे मी बघत होते. तिसऱ्या दिवशी इंदू धावत आली. दारातूनच ओरडली, "उद्या आमच्याकडं, आनि शुक्रवारी तुमच्याकडं!"

शुक्रवारी ती सगळी खरोखर आली. गणपत, इंदूची आई, इंदू, आणि मागून दोघे भाऊ. वाडीतली माणसं आपापल्या पडव्यांत उभी राहून बघत होती, मामांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता. कापणीला सगळे एका ओळीत बसतात, प्रत्येकाने आपापली पात धरायची आणि विळा चालवत पुढे सरकायचं. माझ्या शेजारची पात इंदूने घेतली. तिचा उजवा हात पूर्ण लांब होत नव्हता, त्यामुळे तिला भाताच्या प्रत्येक चुडाला थोडं जास्त पुढे वाकावं लागे. मी ते बघितलं आणि माझा विळा हळू चालवायला लागले, म्हणजे ती मागे पडणार नाही.

थोड्या वेळाने ती थांबली. "मुद्दाम हळू करतेस."

"नाय. माजा विळा बोथट हाय."

"खोटारडी," ती म्हणाली. मग पदर कमरेला घट्ट खोचला, वाकड्या हाताने विळा नीट धरला आणि असा सपाटा लावला की बघता बघता माझ्या दोन हात पुढे गेली. मागे वळून म्हणाली, "ये आता!" तिकडून आत्या हसायला लागली, इंदूची आईही हसली, आणि मी खाली मान घालून, तिला गाठायला, जिवाच्या आकांताने कापत सुटले.